हाड मोडले तर दवाखाना गाठेपर्यंत काय करावे?



पावसाळा सुरू झाला की कॅसलरॉकच्या परिसरात पाय टेकायला कोरडी जागा शोधावी लागते. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ चढते, शेताचे बांध निसरडे होतात आणि विहिरीच्या पायऱ्यांवर उभे राहणेही कठीण होते. नेमक्या याच दिवसांत कोळेरोगापासून बाग वाचवण्यासाठी ओल्या पोफळीवर चढून बोर्डो मिश्रण फवारावे लागते. कोणी फणसावरून पडतो, कोणाला बैल ढकलतो, कोणाची दुचाकी वळणावर घसरते, कोणाची गव्याशी गाठ पडते. अपघात वेगवेगळे असले तरी पुष्कळदा परिणाम एकच होतो. हातापायाचे हाड मोडते.

हाडांचे तज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठायचे तर आपल्याला बेळगाव किंवा हुबळी गाठावे लागते, नाहीतर अनमोडचा घाट उतरून गोव्यातील बांबोळीला जावे लागते. वाटेत मोडणारे हे तास डॉक्टरांच्या हाती नसतात. ते घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हाती असतात. त्या वेळात केलेल्या साध्या गोष्टींनी हात वाचतो आणि त्याच वेळात केलेल्या घाईने तो कायमचा जातो. म्हणून आज या विषयाची सविस्तर माहिती घेऊ.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. मोडलेले हाड बसवणे हे आपले काम नव्हे. ते आहे त्या स्थितीत, हलू न देता, दवाखान्यात पोचवणे हे आपले काम आहे. पुढे जे काही लिहिले आहे ते सारे यासाठीच आहे.

हाड मोडते तेव्हा आत काय होते?

हाड म्हणजे वाळके लाकूड नव्हे. ते जिवंत असते आणि त्यात रक्त खेळत असते. हाड मोडले की त्यातून रक्त वाहते, आणि कातडी फाटली नसेल तर ते आतल्या आत साठते. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडल्यास त्यातले एक ते दीड लिटर मांडीतच साठू शकते. कंबरेच्या हाडांचे कडे मोडले तर याहूनही अधिक रक्त आत जाते. जमिनीवर रक्ताचा थेंब नसतानाही माणूस पांढराफटक पडतो, त्याला थंड घाम सुटतो आणि नाडी जलद पण क्षीण होते, त्याचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट अशी की मोडलेल्या हाडाची टोके धारदार असतात. प्रत्येक हालचालीसरशी ती आजूबाजूच्या स्नायूंत, रक्तवाहिन्यांत व मज्जातंतूंत घुसतात. म्हणून जखमी माणसाला “जरा उभा राहून बघ” किंवा “हात हलवून दाखव” असे सांगणे धोक्याचे आहे.

आधी जीव, मग हाड

वाकड्या झालेल्या पायाकडे सर्वांचे लक्ष जाते, पण पाहणी तिथून सुरू करू नये. प्रथम जागा सुरक्षित आहे का ते पाहावे. झाडाला विजेची तार लागली असेल तर वीज बंद होईपर्यंत जखमीला हात लावू नये. नंतर या क्रमाने जावे.

१) माणूस हाकेला ओ देतो का? श्वास चालू आहे का? श्वास थांबला असेल तर त्याला उताणा ठेवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे व मदत मागवावी.

२) कुठून रक्त उसळते आहे का? स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबून धरावी. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे व दाब सोडू नये. जखमेत हाडाचे टोक असेल तर टोकावर न दाबता त्याच्या कडेने दाबावे. दाबूनही हातापायातून रक्त थांबत नसेल आणि जीव जाण्याची वेळ आली असेल, तरच जखमेच्या वर चार बोटे रुंद पट्टी काठीने पिळून आवळावी व बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. दोरी किंवा तार वापरू नये. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ती पट्टी सोडू नये.

३) एका माणसाने १०८ या क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका कर्नाटकात व गोव्यातही चालते. ज्या वाडीत फोन लागत नाही तिथून एका धडधाकट माणसाला लगेच पुढे पाठवावे. सर्वांनी जखमीभोवती गर्दी करून उभे राहू नये.

जखमीला घोंगडीने झाकून ऊब द्यावी. खायला-प्यायला मात्र काही देऊ नये. चहा नको, आणि दुखणे मारायला म्हणून फेणीचा घोट तर मुळीच नको. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली तर पोटात असलेले उलटून श्वासनळीत जाण्याची भीती असते.

मोडले आहे हे कसे ओळखावे?

दुखरा हात किंवा पाय दुसऱ्या, चांगल्या बाजूशी ताडून पाहावा. तो वाकडा किंवा आखूड दिसतो का? सूज आली आहे का? एका ठराविक जागी बोट ठेवताच माणूस कळवळतो का? पडताना “कट्” असा आवाज आला का? तो अवयव वापरता येत नाही का? यातील एकही गोष्ट दिसली तरी हाड मोडले आहे असे धरून चालावे. हाडे घासल्याचा आवाज येतो का हे पाहण्यासाठी अवयव मुद्दाम हलवू नये.

“बोटे हलतात, म्हणजे मोडलेले नाही” हा फार पसरलेला गैरसमज आहे. मनगटाचे हाड मोडूनही बोटे हलतात आणि पायाच्या हाडाला चीर जाऊनही माणूस लंगडत चालतो. मुरगळले, निखळले की मोडले, याचा निर्णय एक्स-रेवर सोडावा. निखळलेला सांधा ओढून बसवू नये, कारण त्याच्याबरोबर हाडही मोडलेले असू शकते.

बोटांची परीक्षा

ही परीक्षा प्रत्येक घरातील एकाला तरी यायला हवी. तिला कसलेही साधन लागत नाही. हात मोडला असेल तर हाताची बोटे, पाय मोडला असेल तर पायाची बोटे पाहावीत.

रंग कसा आहे? फिक्का किंवा निळसर आहे का? बोटे दुसऱ्या बाजूच्या बोटांपेक्षा गार लागतात का? टोचलेले कळते का? मुंग्या येतात का? जखमीला स्वतः बोटे थोडी हलवता येतात का? शेवटी एक नख दाबून सोडावे. पांढरे झालेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे.

फळी बांधण्यापूर्वी एकदा, बांधल्यावर एकदा आणि वाटेत दर दहा-पंधरा मिनिटांनी ही परीक्षा करावी. बांधल्यानंतर बोटे गार किंवा बधिर झाली तर बांधलेले लगेच सैल करावे. ती आधीपासूनच गार व निळी असतील तर रक्तवाहिनी दबली आहे किंवा तुटली आहे असे समजावे. रक्तावाचून स्नायू सुमारे सहा तासांत मरू लागतात. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहणे म्हणजे हातपाय गमावणे होय.

त्याचबरोबर अंगठी, बांगड्या, पाटल्या, जोडवी, घड्याळ हे सारे सूज येण्याआधीच काढून घ्यावे. सूज आल्यावर हेच दागिने फासासारखे आवळतात.

फळी कशी बांधावी?

फळीसाठी बांबूच्या रुंद कामट्या, लाकडी पट्टी, छत्री, पुठ्ठा, जे मिळेल ते चालते. कोणतीही फळी बांधताना पुढील नियम पाळावेत.

१) अवयव सापडला त्या स्थितीतच बांधावा. सरळ करण्यासाठी ओढू नये.

२) फळी मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे स्थिर ठेवील इतकी लांब हवी. नडगी मोडली असेल तर गुडघा व घोटा या दोन्हींच्या पुढे फळी जावी.

३) फळी व अंग यांच्यामध्ये जुन्या लुगड्याची किंवा टॉवेलाची मऊ घडी घालावी, विशेषतः गुडघा, घोटा व कोपर यांपाशी.

४) गाठी मोडलेल्या जागेवर येऊ देऊ नयेत. त्या तिच्या वर व खाली माराव्यात. पट्टीखाली एक बोट सहज जावे इतपतच आवळावे.

हाताच्या पुढच्या भागाचे किंवा मनगटाचे हाड मोडले असल्यास फळी बांधून साडीच्या तुकड्याची झोळी गळ्यात अडकवावी. दंड मोडला असल्यास झोळी घालून दंड छातीशी बांधावा. कोपर मोडले असल्यास ते वाकवू किंवा सरळ करू नये, आहे तसेच आधार देऊन ठेवावे. घोटा मोडल्यास पायाभोवती उशी किंवा घडी केलेली घोंगडी गुंडाळावी. बरगडी मोडल्यास छाती आवळून बांधू नये, कारण त्याने श्वास अडतो. माणसाला सोयीचे वाटेल तसे अर्धवट बसवून न्यावे. कंबरेची हाडे मोडल्याचा संशय आल्यास त्याला मुळीच उभे करू नये. खुब्यांच्या पातळीवर रुंद चादर बेताने आवळून बांधावी आणि फळीवरून न्यावे.

मांडी मोडली तर काखेपासून घोट्यापर्यंत लांब फळी बाहेरच्या बाजूने बांधावी. फळी न मिळाल्यास चांगला पाय मोडलेल्या पायाच्या जवळ आणून, मधे घड्या घालून, दोन्ही पाय एकत्र बांधावेत. आपला स्वतःचा पाय हीच तेव्हा सर्वांत जवळची फळी असते.

एवढ्या साध्या बंधनाचे महत्त्व जगाला पहिल्या महायुद्धात (१९१४ ते १९१८) कळले. गोळी लागून मांडी मोडलेले सैनिक प्रारंभी फार मोठ्या संख्येने वाटेतच दगावत. पुढे रणांगणावरच पाय लोखंडी आधारात बांधून मग जखमीला उचलण्याची शिस्त पडली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. हा आधार इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराचे डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस यांनी पूर्वीच शोधून ठेवला होता. आजही तो थॉमस यांच्याच नावाने ओळखला जातो. विशेष म्हणजे थॉमस यांचे घराणे हाडवैद्यांचे होते. वडिलांनी मुलांना वैद्यकीय शिक्षण दिले. घरच्या हातगुणाला शरीरशास्त्राची जोड मिळाली तेव्हा त्याचा लाभ साऱ्या जगाला झाला.

हाड कातडीबाहेर आले असेल तर

जखमेतून हाड दिसत असेल, किंवा मोडलेल्या जागी कातडी फाटली असेल, तर तो उघडा अस्थिभंग होय. अशी जखम लहान दिसली तरी तिला लहान समजू नये, कारण बाहेरचे जंतू थेट हाडापर्यंत पोचतात. शेतातल्या मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. जखमेवर हळद, तंबाखू, चुना, शेण, राख, पाल्याचा रस यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ धुतलेल्या कापडाने जखम झाकावी, फळी बांधावी आणि ताबडतोब निघावे. जंतुनाशक इंजेक्शन शक्य तितक्या लवकर, पहिल्या तास-दोन तासांत मिळाले तर हाडात पू होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचे रुग्णालय लागत असेल तर तेथे हे इंजेक्शन व धनुर्वाताची लस घेऊन पुढे जावे.

झाडावरून पडलेला माणूस

पोफळीवरून, माडावरून, फणसावरून पडलेल्या माणसाचा कणा मोडला असण्याची शक्यता मनात धरूनच त्याला हात लावावा. कण्यातून मज्जारज्जू जातो. मोडका मणका सरकून तो दबला तर माणूस जन्मभर पांगळा होतो. हे पडताना घडते तसे उचलतानाही घडू शकते. दोघांनी हातपाय धरून उचलणे, पाणी पाजण्यासाठी बसवणे, दुचाकीवर मधे बसवून नेणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके व मान सरळ रेषेत धरावी. तिघांनी एकाच बाजूला बसून खांदा, कंबर व पाय धरावेत. डोके धरणाऱ्याने “एक, दोन, तीन” म्हणताच सर्वांनी ओंडका फिरवावा तसे सारे अंग एकदम कुशीवर वळवावे. पाठीमागे दाराची फळी सरकवावी व पुन्हा तसेच अलगद उताणे करावे. उलटी होऊ लागल्यास याच रीतीने कुशीवर वळवावे. सैल विणीची बाज मधे झोळ धरते, म्हणून ती वापरू नये. फळीवर पातळ घोंगडी अंथरून माणसाला चादरीच्या पट्ट्यांनी फळीशी बांधावे. जीपमध्ये किंवा टेंपोत फळी सपाट ठेवावी, आणि चालकाने खड्डे चुकवत सावकाश जावे.

म्हातारी माणसे व लहान मुले

घसरून पडलेल्या आजी-आजोबांना उठता येत नसेल आणि एक पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असे समजावे. “आता या वयात कशाला शस्त्रक्रिया” असे म्हणून त्यांना अंथरुणावर ठेवणे ही दया नव्हे. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, फुप्फुसात कफ साठून ताप येतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि पुष्कळ वृद्ध हाडाने नव्हे तर यांनी जातात. शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून त्यांना लवकर बसते-उठते करावे, असे आजचे शास्त्र सांगते.

मुलांची हाडे हिरव्या फांदीसारखी असतात. ती पूर्ण न तुटता एका बाजूने चिरतात आणि वाकतात. त्यामुळे बाहेरून फारसे दिसत नाही, पण मूल तो हात वापरत नाही. मुलाच्या कोपराजवळ मोडलेले हाड सर्वांत फसवे असते, कारण तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. असे मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

मालीश आणि घट्ट पट्ट्या

आपल्याकडे हाड मोडले की पहिली धाव हाडवैद्याकडे जाते. तो शेजारचा असतो, थोड्या पैशांत काम करतो आणि धीर देतो. त्याच्याबद्दल अनादर बाळगण्याचे कारण नाही. परंतु हाडाचे तुकडे आत कसे सरकले आहेत हे हाताला कळत नाही. तेल लावून चोळल्याने आतला रक्तस्राव व सूज वाढते. त्यावर कामट्या घट्ट आवळल्या की रक्त कोंडते. १८८१ साली जर्मन शल्यवैद्य रिखार्ड फोन फोल्कमान यांनी घट्ट पट्ट्यांमुळे होणाऱ्या या विकृतीचे वर्णन केले. कोपराखालचे स्नायू मरतात, आखडतात आणि बोटे पंजासारखी कायमची वाकतात. अशा हाताला पुढे कोयता धरता येत नाही आणि लेखणीही धरता येत नाही.

आपल्या जुन्या शास्त्रालाही हा धोका ठाऊक होता. उंबर, पिंपळ, पळस यांच्या साली व बांबू यांचा आधार बांधावा असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. बंधन सैल झाल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाल्यास सूज, वेदना व पू होतो, म्हणून ते बेताचे असावे, असेही तिथे बजावले आहे. परंपरेचा मान राखायचा तर तो या इशाऱ्यासकट राखला पाहिजे.

संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. तिथे तो बसवण्यात आला आणि त्यांना डोलीतून दूर लोयोलाच्या वाड्यात नेण्यात आले. घरी वैद्यांनी पाहिले तो हाडे जागेवर नव्हती. एकतर ती आधीच चुकीची बसवली होती किंवा प्रवासाच्या हिसक्यांनी सरकली होती. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात पाय पुन्हा मोडून बसवावा लागला, वर आलेले हाड कापावे लागले, आणि तरीही ते जन्मभर थोडे लंगडत राहिले. चुकीने बसवणे आणि वाटेतले हिसके ही दोन्ही कारणे आजही तीच आहेत. आज त्यांवर उपाय मात्र आहेत.

दवाखान्यातून परतल्यावर

प्लॅस्टर घातल्यावरही बोटांची परीक्षा चालू ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस तो अवयव उशीवर उंच ठेवावा व बोटे हलवत राहावे. औषध घेऊनही वेदना वाढतच असेल, किंवा बोट हलकेच सरळ करताच माणूस ओरडत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालयात परत जावे. प्लॅस्टर घरी ओले करू नये आणि आत काडी घालून खाजवू नये.

मोठ्या माणसाच्या हाताचे हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळते. नडगीला किंवा मांडीला तीन-चार महिने व कधी त्याहून अधिक लागतात. मुलांची हाडे याहून लवकर जुळतात. या काळात नाचणी, दूध, अंडी, मासळी व डाळी आहारात असाव्यात. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, म्हणून विडी-सिगारेट बंद ठेवावी. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केले नाहीत तर हाड जुळूनही सांधा आखडतो.

रस्त्यावर अपघात पाहून पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

शेवटी एक काम सुचवतो. प्रत्येक वाडीत एका ठरलेल्या घरी चार बांबूच्या कामट्या, धुतलेल्या जुन्या लुगड्याच्या रुंद पट्ट्या, एक कात्री आणि माणूस निजेल एवढी एक फळी ठेवावी. जीप किंवा टेंपो असलेल्यांचे फोन क्रमांक त्या घराच्या भिंतीवर लिहावेत. पोफळीवर चढणाऱ्याने एकटे जाऊ नये, आणि कुठल्या बागेत चाललो ते घरी सांगून जावे. येत्या रविवारी दुपारी दोन-चार शेजाऱ्यांनी मिळून एकमेकांच्या हातापायाला फळी बांधून पाहावी, आणि बांधून झाल्यावर नख दाबून ते पुन्हा गुलाबी होते का तेही पाहावे.